विचारा, सांगते: व्हेरोनाची सुकवलेली द्राक्षं

या खेपेच्या टपालात लोणची-मुरंबे कमी आणि वाइन जास्त. दिवाळीला परदेशातली पोरं घरी आली की असं होतंच. ड्यूटी-फ्रीची पिशवी उघडते, बाटली शोकेसमध्ये जाऊन बसते आणि मग मला पत्र येतं. यंदा बऱ्याच पत्रांत एकच नाव निघालं, आमारोने या इटालियन वाइनचं, म्हणून ती सगळी एकत्र घेते. आवळ्याच्या मुरंब्यावाल्या वहिनींनी रागावू नये, त्यांचं पुढच्या अंकात.

ताई, मुलगा मिलानला नोकरीला आहे. येताना ‘आमारोने देल्ला वालपोलिचेल्ला’ अशा लांबलचक नावाची बाटली घेऊन आला. लेबलवर १६ टक्के लिहिलंय. आमच्या ह्यांचं म्हणणं, वाइन एवढी कडक असूच शकत नाही, वरून काहीतरी ओतलेलं असणार. शिवाय मुलगा किंमत सांगायला तयार नाही, म्हणजे ती किती असेल ते बघा. खरं काय?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

तुमच्या ह्यांना सांगा, वरून थेंबही ओतलेला नाही. द्राक्षाचं स्पिरिट वरून घालतात ते पोर्तुगालच्या पोर्टमध्ये. आमारोनेतलं सगळं अल्कोहोल द्राक्षातल्या साखरेचंच. हिशेब सोपा आहे. लिटरभर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेचं यीस्ट एक टक्का अल्कोहोल करतं. १६ टक्के हवेत तर लिटरमागे २७० ग्रॅमच्या आसपास साखर लागते. त्या डोंगराळ भागात वेलीवर पिकलेलं द्राक्ष काही तिथवर पोचत नाही. म्हणून ते तोडून, घरात आणून, सुकत ठेवतात. पाणी उडतं, साखर मागे राहते.

वालपोलिचेल्ला हा इटलीतल्या व्हेरोना शहराच्या उत्तरेचा टेकड्यांचा पट्टा. पश्चिमेला गार्दा सरोवर, पाठीशी लेसीनी डोंगर. नेग्रार, फुमाने, मारानो, सांताम्ब्रोज्यो आणि सान पिएत्रो इन कारियानो ही त्यातली जुनी पाच गावं. तिथल्या मालाच्या बाटलीवर ‘क्लासिको’ असं लिहिता येतं. तुमच्या लेबलवर आहे का बघा. तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरची. सगळाच माल सुकायला जात नाही. घड मोकळा हवा, मण्यामण्यांतून वारा गेला पाहिजे, एकही मणी फुटका नको. असे निवडलेले घड एकाच थरात पसरून माळ्यावर ठेवायचे. पूर्वी त्यासाठी बोरूच्या चटया असायच्या. त्याच चटयांवर त्या भागात रेशमाचे किडे पाळले जायचे. किड्यांचा हंगाम उन्हाळ्याआधी संपायचा आणि शरद ऋतूत तिथे द्राक्षं यायची. आता बहुतेक ठिकाणी उथळ क्रेट असतात.

मला असा एक माळा बघायला मिळाला तो नेग्रारच्या वरच्या अंगाला, डिसेंबरच्या अखेरीला. मी तेव्हा हॉटेलच्या सर्व्हिसमधून केटरिंगच्या मुलांना शिकवायला आले होते आणि वाइन शिकवायची तर निदान एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून गेले होते. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना खिडक्या, छतापर्यंत क्रेटची चळत. मालक सत्तरीचे. हातात छोटी कात्री. ते एक क्रेट ओढायचे, आधी नाक खाली नेऊन वास घ्यायचे, मग बघायचे. बुरशी लागलेला मणी डोळ्याला दिसण्याआधी नाकाला कळतो, असं त्यांचं म्हणणं. एका घडातले दोनच मणी त्यांनी कापून काढले आणि क्रेट परत सरकवला. मला एक घड हातात दिला. देठ वाळून तपकिरी झालेला, साल सुरकुतलेली, रंग जांभळ्याकडून चॉकलेटीकडे झुकलेला. मणी चिमटीत दाबला तर फुटला नाही, दबला. आतला गर निघाला तो बोटांना असा चिकटला की रुमालाने जाईना. तोंडात टाकल्यावर आधी गोड, लगेच आंबट आणि शेवटी बिया कचाकचा लागल्या. आंबटपणा शिल्लक असतो हे महत्त्वाचं. नुसता गोड असता तर त्याचा काकवीसारखा रस झाला असता.

खिडक्या उघडायच्या कधी आणि लावायच्या कधी, यातच त्यांचं निम्मं कसब. कोरडा वारा सुटला की सताड उघड्या, खालच्या मैदानातून धुकं चढू लागलं की बंद. आता मोठ्या कारखान्यांत पंखे आणि आर्द्रता मोजणारी यंत्रं हे काम करतात. त्यात मला काही वाईट वाटत नाही, ओल्या वर्षी अख्खा माळा सडलेला ज्याने पाहिलाय त्यालाही वाटत नसावं.

हे सुकणं साधारण १०० ते १२० दिवस चालतं. नियमच असा आहे की १ डिसेंबरच्या आधी ही द्राक्षं चिरडायची नाहीत. तोवर वजनातलं ३० ते ४० टक्के पाणी गेलेलं असतं. मग ऐन थंडीत आंबवण सुरू होतं. गारठ्यात आणि एवढ्या साखरेत यीस्टचा जीव मेटाकुटीला येतो, त्यामुळे चांगली जुनी घराणी त्याला आठवडेच्या आठवडे देतात. पुढे निदान दोन वर्षं मुरवण, लेबलवर ‘रिझेर्वा’ असेल तर चार.

आता किमतीचं. १०० किलो ताज्या द्राक्षांची साधी वाइन साधारण ७० लिटर निघते. आमारोनेच्या नियमात १०० किलोला ४० लिटरच्या वर जाता येत नाही. म्हणजे नव्वदेक बाटल्यांच्या जागी पन्नास-त्रेपन्न. त्यावर माळा अडकला, माणसं अडकली, पैसा वर्षानुवर्षं पिंपात अडकला. मुलाला किंमत विचारू नका.

आणि ह्यांना एक सांगाच. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ६० मिलीच्या मोठ्या पेगात ते पंचवीसेक मिली होतं. या वाइनचा १५० मिलीचा एक ग्लास जवळपास तेवढाच. ‘वाइनच तर आहे’ म्हणून पाण्याच्या ग्लासात भरून घेऊ नका. १०० मिली पुष्कळ.

रतलामकडे आमची थोडी द्राक्षबाग आहे. मांडव आहे, पाणी आहे. तासगावला नातेवाईक बेदाणा करतात. तुम्ही मागे एकदा लिहिलं होतं की इटलीत सुकवलेल्या द्राक्षांची वाइन करतात. मग बेदाण्याचीच का करू नये? आपल्याकडे जमेल?
— एक बागायतदार वाचक, मुक्काम इंदूर

काका, सगळ्या पत्रांत हे मला फार आवडलं, म्हणून जरा लांबण लावते.

तासगावच्या शेडवर काय होतं ते तुम्ही जाणताच. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतचा माल, थॉमसन किंवा सोनाका किंवा तास-ए-गणेश, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळीवर टाकतात. त्या द्रावणाने सालीवरचा मेणाचा थर मोकळा होतो, पाणी झपाट्याने निघतं आणि दोनेक आठवड्यांत चार किलोचा एक किलो बेदाणा हातात येतो. उत्तम माल. पण तिथे सगळी धडपड लवकर सुकवण्याची.

व्हेरोनावाल्यांची धडपड बरोबर उलटी. ते काही बुडवत नाहीत, मेणाचा थर तसाच ठेवतात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी, दिवस थंड होत असताना, मणी हळूहळू आटवतात. द्राक्ष वेलीवरून तोडलं तरी लगेच मरत नाही, श्वास घेत राहतं. त्या तीन-चार महिन्यांत आतलं मॅलिक आम्ल कमी होतं, वास बदलतात, ताज्या चेरीचा वास सुक्या चेरीकडे जातो. पाणी उडणं हा त्यातला फक्त अर्धा भाग. पंधरा दिवसांत, एप्रिलच्या उन्हाळ्यात, हे बाकीचं घडायला वेळच मिळत नाही. शिवाय ते बेदाण्यापर्यंत जातच नाहीत. चाराचा एक करायचा नसतो, दहाचा सहा-सात करून थांबायचं असतं.

म्हणजे तुमच्या बागेची अडचण मातीची किंवा मांडवाची नाही, पंचांगाची आहे. आपल्याकडे खरड छाटणी एप्रिलला, गोडी छाटणी ऑक्टोबरला, फळ येतं ते उन्हाळ्याच्या दारात. त्यांच्याकडे वेल हिवाळ्यात झोपतो, छाटणी एकदाच, फळ येतं ते हिवाळ्याच्या दारात. माळव्याची डिसेंबरची कोरडी थंड रात्र त्या माळ्याला अगदी मानवली असती, पण तेव्हा तुमच्या वेलीला मणी नसतो. शीतगृह भाड्याने घेऊन, हवा खेळती ठेवून प्रयोग करता येईल. वीजबिलाचा विचार तुम्ही करा.

दुसरी गोष्ट वाणाची. थॉमसन पांढरा, पातळ सालीचा, बिनबियांचा. रेड वाइनचा रंग, तिचा तुरटपणा, सगळा सालीत आणि बियांत. व्हेरोनाकडचा मुख्य वाण कोर्विना. जाड सालीचा, म्हणून माळ्यावर टिकतो. तुम्हाला पटेल अशी त्याची एक खोड सांगते: काडीच्या बुडाशी असलेले डोळे फळत नाहीत. आखूड छाटणी केलीत तर घडच मिळणार नाहीत. लांब काडी ठेवावी लागते, आणि लांब काडीला पसरायला वर जागा लागते. म्हणून त्या भागात जुन्या बागा मांडवावरच. त्याला ते पेर्गोला म्हणतात. वर पानांची सावली, खाली घड लोंबतायत. तिथे उभं राहिलं तर क्षणभर नाशिकलाच आल्यासारखं वाटतं. मधल्या काळात फ्रेंच पद्धतीच्या तारेच्या रांगांची लाट आली, आता उन्हाळे तापू लागल्यावर पानांच्या सावलीची आठवण पुन्हा निघते आहे.

कोर्विनाच्या जोडीला कोर्विनोने. मोठ्या मण्याचा. कितीतरी वर्षं त्याला कोर्विनाचाच मोठा भाऊ समजत; १९९०च्या दशकात तो वेगळाच वाण असल्याचं सिद्ध झालं. तिसरी रोंदिनेल्ला, जनुकीय तपासणीत ती कोर्विनाच्या थेट नात्यातली निघाली. चवीत विशेष बोलकी नाही, पण रोगाला दाद देत नाही आणि सुकायला गुणी, म्हणून प्रत्येक शेतकरी थोडी ठेवतोच. नियमाप्रमाणे आमारोनेत कोर्विना ४५ ते ९५ टक्के आणि रोंदिनेल्ला ५ ते ३० टक्के. चौथी मोलिनारा, फिकट रंगाची. पूर्वी घालावीच लागे, आता सक्ती नाही आणि बहुतेकांनी ती सोडलीय. मला तिचं थोडं वाईट वाटतं. गडद रंगाच्या हव्यासापायी हलक्या हाताची बाई घराबाहेर काढल्यासारखं झालं. ओसेलेटा नावाचा एक वाण तर नामशेष व्हायच्या बेतात होता, तो मासी या घराण्याने पुन्हा लावला. बारीक मणी, रस कमी, साल आणि बियाच जास्त.

घरच्या घरी करून बघायचा मोह झाला तर आबकारी खात्याचा परवाना लागतो, हे मी न सांगता तुम्हाला ठाऊक असेल.

दुकानात वालपोलिचेल्ला, रिपास्सो, रेचोतो, आमारोने अशी चार नावं दिसली. सगळी एकाच गावची म्हणे. फरक काय? कुठली घ्यावी?
— एक वाचक, विजयनगर, इंदूर

द्राक्षं तीच, वागवणूक वेगळी. ताज्या द्राक्षांची, हलकी, आंबटसर ती साधी वालपोलिचेल्ला. सुकवलेल्या द्राक्षांची, आंबवण मध्येच थांबून साखर शिल्लक राहिलेली, गोड, ती रेचोतो. तीच पुढे आंबवत नेऊन साखर जवळजवळ संपवली की आमारोने. आणि आमारोने काढून घेतल्यावर पिंपात जो चोथा उरतो त्यावर साधी वालपोलिचेल्ला ओतून काही दिवस पुन्हा आंबवली की रिपास्सो. शेतकऱ्याच्या घरात चोथाही वाया जात नाही. ही जुनी रीत मासीवाल्यांनी १९६४च्या मालापासून पहिल्यांदा बाटलीबंद करून बाजारात आणली.

यात सगळ्यात वडीलधारी गोड रेचोतो. सहाव्या शतकात, इटलीवर गॉथ राजांचं राज्य असताना, कास्सिओदोरस नावाच्या मंत्र्याने राजदरबारासाठी व्हेरोनाची अशी वाइन मागवली होती. त्याचं पत्र शिल्लक आहे. शरदात घड तोडायचे, घरात टांगून ठेवायचे, कडाक्याच्या थंडीत गाळायचे, असं त्यात लिहिलंय. म्हणजे मी माळ्यावर पाहिलं ते दीड हजार वर्षं चालूच आहे.

आमारोने मात्र कालची पोर. रेचोतोचं एखादं पिंप लक्षातून निसटायचं, यीस्ट सगळी साखर खाऊन टाकायचं आणि गोडाच्या जागी कडक, कोरडी वाइन हाती यायची. बरेच जण ती बिघडली म्हणून बाजूला ठेवत. १९३६ मध्ये नेग्रारच्या सहकारी कोठारात असंच विसरलेलं एक पिंप कोठारप्रमुखाने चाखलं आणि त्याला ते फार आवडलं, अशी कथा तिथे सांगतात. विक्रीला ती खऱ्या अर्थाने आली दुसऱ्या महायुद्धानंतर. बेर्तानी घराण्याची पहिली आमारोने १९५८ची. १९६८ मध्ये वालपोलिचेल्लाला सरकारी संरक्षण मिळालं, आमारोनेला डीओसीजी, म्हणजे इटालियन वाइनचा सगळ्यात वरचा सरकारी दर्जा, २०१०च्या सुमारास. तो दर्जा असलेल्या बाटलीच्या मानेवर क्रमांक छापलेली सरकारी पट्टी असते, घेताना ती बघावी.

कुठली घ्यावी? पहिल्यांदाच घेत असाल तर रिपास्सो. आमारोनेची चुणूक मिळते आणि खिसाही वाचतो. साध्या वालपोलिचेल्लाला लोक नाक मुरडतात, पण आपल्या हवेत जेवणाबरोबर प्यायला मी स्वतः तीच घेईन.

याच्याबरोबर काय वाढावं? पाहुण्यांत निम्मे शाकाहारी आहेत. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून काही मागवलं तर?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

सराफ्यातून मागवा, पण या बाटलीबरोबर नको. थंडीत गराडू, म्हणजे तो तळलेला कंद, मलाही सुटत नाही. मात्र त्यावरचा जिरावन मसाला आणि लिंबू वाइनचा पार बोऱ्या वाजवतात. तिखटावर जितकं जास्त अल्कोहोल, तितकी जिभेची आग जास्त. १६ टक्क्यांवर तर विचारूच नका. जलेबीपुढे ती कडू लागेल. दाल-बाफल्याचा विचार कुणी करत असेल तर तूप चालेल, सोबतची लसणाची चटणी नाही. खरं तर बाफले खाऊन झाल्यावर माणसाने झोपावं.

व्हेरोनात ही वाइन घालूनच रिसोत्तो करतात, जवळच्या इझोला देल्ला स्काला भागात पिकणाऱ्या व्हिआलोने नानो तांदळाचा. शाकाहाऱ्यांसाठी तो पाहुण्यांसमोर मिरवण्याजोगा पदार्थ आहे, आपल्याकडे आंबेमोहोर घेऊनही बऱ्यापैकी जमतो. तिथला दुसरा प्रसिद्ध पदार्थ घोड्याच्या मांसाचा, तो आपण इथेच सोडून देऊ. मांसाहाऱ्यांसाठी मटण करा, पण खड्या मसाल्याचं, तळलेल्या कांद्याचं, मिरची जवळपास नसलेलं, मंद आचेवर हाडापासून सुटेपर्यंत शिजवलेलं.

माझं मत विचाराल तर जेवण उरकू द्या. नंतर पारमेजान किंवा ग्राना पादानोचे खडे, अक्रोड, थोडा खजूर, आणि सगळ्यांना थोडी थोडी. इंदूरला थंडीच्या रात्री गच्चीत बसायची सोय आहे, तिचा फायदा घ्या. बाटली तासभर आधी उघडून काचेच्या जारमध्ये ओतून ठेवली तर वास मोकळा होतो.

रोज थोडी रेड वाइन हृदयाला चांगली असते ना?
— एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. आवडते म्हणून कधीतरी घ्या, औषध म्हणून घेऊ नका. गोळ्या चालू असतील तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, मला नको.

वडिलांच्या कपाटाच्या वरच्या खणात २००१ची आमारोने सापडली. आमच्या वरच्या मजल्यावर मे महिन्यात पंख्याचीसुद्धा गरम हवा येते. ती प्यायच्या लायकीची राहिली असेल का? आणि नवी आणली तर ठेवायची कुठे?
— एक वाचक, राजवाड्याजवळून, इंदूर

नव्या बाटलीचं आधी. जागा अंधारी हवी, तापमान १२ ते १६ अंश, बाटली आडवी म्हणजे कॉर्क ओला राहतो. आपल्या घरांत अशी जागा मिळत नाही. मग फ्रिजचा भाजीचा कप्पा बरा, काही महिने सहज निभतं. शोकेस आणि गॅसच्या वरचं कपाट, दोन्ही वर्ज्य. प्यायच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. १६ ते १८ अंशांना ती छान लागते. पुस्तकांत ‘खोलीच्या तापमानाला’ असं लिहितात ती खोली युरोपातली असते. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते.

आता वडिलांच्या बाटलीचं. थंड तळघरात ही वाइन वीस-पंचवीस वर्षं आरामात काढते. चाळीस अंशांच्या इतक्या उन्हाळ्यांनंतर मात्र आशा थोडी. मानेशी उजेड धरून पातळी बघा. कॉर्कच्या खाली दोन-तीन बोटं उतरली असेल, किंवा कॉर्क फुगून वर आला असेल, तर आत हवा शिरलीय. तरी फेकू नका. आदल्या दिवशी उभी करून ठेवा, गाळ तळाला बसू द्या. उघडल्यावर विटकरी रंग दिसेल, तो वयाचा, त्याला भिऊ नका. वास व्हिनेगरचा आला तर मोरीत ओता. सुक्या अंजिराचा, जुन्या चामड्याचा आला तर अर्ध्या तासाच्या आत प्या, जास्त वेळ उघडी ठेवलीत तर उरलंसुरलं उडून जाईल. जुना कॉर्क हमखास मोडतो. तुकडे आत पडले तर स्वच्छ मलमलीच्या फडक्यातून गाळून घ्या, चहाच्या गाळणीतून नको, तिला वेलचीचा वास असतो.